अठरावा थर

कळीचा चुना पाण्यात टाकला की आधी काहीच होत नाही. दगडासारखा दगड तळाशी जाऊन गप्प बसतो. नवख्याला वाटतं, माल खोटा निघाला. मग एखादा बुडबुडा येतो, दगडाला तडा जातो आणि पाहता पाहता सगळा हौद रटरटायला लागतो. चुनेवाली अशा वेळी दोन पावलं मागे उभी राहायची. वीस वर्षांपूर्वी असाच एक थेंब तिच्या डाव्या डोळ्यात उडाला होता. तेव्हापासून त्या डोळ्याला जग धुक्यातलं दिसायचं, आणि उजवा डोळा दोघांचं काम करायचा.

समितीचा निरोप आला तेव्हा ती लांब दांड्याच्या फावड्यानं हौद ढवळत होती. अध्यक्षांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. तिनं हात धुतले, बोटांच्या भेगांना तेल चोळलं आणि फावडं सुनेच्या हातात दिलं.

"मीही येते," सून म्हणाली.

"तू ढवळ. अर्ध्यात सोडलं तर खडे राहतात. चित्र तू काढलंस, बोलणी मी खाते."

समिती म्हणजे धान्यबाजाराची समिती. तीन गोदामं, एक मोठा काटा, एक कचेरी आणि भोवती कुंपण. या सगळ्या भिंतींना दरवर्षी चुना द्यायचं काम चुनेवालीच्या सासूपासून याच घराकडे होतं. वर्षाची भाकरी त्यावर निघायची. घरातला मुलगा मात्र कुंच्याकडे वळला नाही. चुन्यानं हात फाटतात, त्यापेक्षा पाठ मोडलेली बरी, असं म्हणून तो त्याच गोदामात हमाल झाला. गेल्या हंगामात पोत्यांची थप्पी त्याच्यावर कोसळली.

नियम बारा थरांचा होता. गोदामाच्या दारावर तशी पाटीच होती: बारा थरांवर थप्पी लावू नये. त्या वर्षी माल उदंड आला, दुसरं गोदाम अध्यक्षांच्या मेहुण्याला भाड्यानं दिलेलं होतं, म्हणून थप्पी चढत गेली. मुलगा सगळ्यात खाली, पहिल्या थराशी, पोती सारखी करत होता. त्याला बाहेर काढायला हमालांना दीड तास लागला. कुणी बघायला येण्याआधी थप्पी उतरवली गेली. पाटीही उतरली. समितीच्या कागदावर लिहिलं गेलं की थप्पी बारा थरांची होती आणि हमाल हलगर्जी होता. त्या कागदावर हमालांच्या मुकादमाचा अंगठा होता. काडीसारख्या अंगाचा म्हणून सगळा बाजार त्याला पैलवान म्हणायचा.

मग पावसानं मोठ्या गोदामाची रस्त्याकडची भिंत सोलून काढली. गिलावा पोपडे धरून खाली आला. अध्यक्षांनी चुनेवालीला नवा गिलावा द्यायला सांगितलं आणि वर म्हणाले, रस्त्यावरून दिसते, जरा नक्षीबिक्षी काढा, सून गाड्यांच्या फळ्या रंगवायची म्हणे. सुनेनं मान हलवली. चुनेवालीला त्या मान हलवण्याचा अर्थ पुढे कळला.

ओल्या गिलाव्यावर काढलेलं चित्र वरून खाली येतं, कारण गिलावा वरून खाली येतो. दिवसभरात जेवढं रंगवता येईल तेवढाच पट्टा सकाळी लावायचा, तो ओला आहे तोवर रंग द्यायचा. गेरू, काजळी, पिवळी माती. भिंत वाळताना रंग गिळते, मग तो खरवडून निघत नाही. पहिले दोन दिवस सुनेनं एक खुर्ची काढली. उंच पाठीची, कोरीव हातांची, हुबेहूब कचेरीतली. अध्यक्ष खूश झाले. येईल त्या पाहुण्याला बाहेर नेऊन खुर्ची दाखवायला लागले. तिसऱ्या दिवसापासून खुर्चीखाली पोती आली, रोज दोन थर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोतीही छान होती. शिवलेल्या तोंडांची, सुतळीचा टाका न् टाका दिसणारी. अकराव्या दिवशी शेवटचा पट्टा झाला, आणि सगळ्यात खालच्या थरात, पोत्यांच्या रांगेत, पोत्यासारखाच एक माणूस पालथा पडलेला होता. पाठ, मान, आणि कानामागचा तीळ.

लोकांनी थर मोजले. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही अठरापर्यंत मोजता येत होतं.

कचेरीच्या पायरीवर शिपायानं चुनेवालीला थांबवलं. पायांना चुना आहे, फरशी खराब होईल. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि अध्यक्ष आतून बोलले. त्यांचा आवाज गोड होता. चित्राबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, कला ती कला. पण निवडणूक तोंडावर आली होती, सरकारी भिंतीवर राजकारण नको, असं वरून सांगणं होतं. आणि पंधरवड्यानं अपघाताच्या चौकशीला साहेब यायचे होते. आलेल्या माणसाला पहिलं हेच दिसणार.

"पोत्यांत राजकारण कुठलं, साहेब? आणि खुर्ची तर तुम्हीच दाखवत होतात सगळ्यांना."

शेजारी बसलेल्या समितीच्या सचिवांनी हसू दाबायला फाइल तोंडाजवळ नेली. अध्यक्षांचा आवाज थोडा कमी गोड झाला. चुन्याचा एक हात फिरवायचा, एवढंच काम. तेवढं केलं तर सगळ्या इमारतींचं काम पहिल्यासारखं तिच्याकडेच. नाही तर समितीला माणसं काय कमी आहेत.

चुनेवालीनं उंबऱ्यापलीकडची फरशी पाहिली. गेल्या वर्षी त्या फरशीलगतच्या भिंतीला चुना तिनंच दिला होता. कोपऱ्यातही कुंच्याचा ओघळ नव्हता.

"मला येतं, साहेब. असं येतं की पुन्हा ते चित्र कुणाच्या बापाला वर काढता यायचं नाही. म्हणूनच मी करणार नाही."

"चुना काय, कुणीही लावतो."

"लावतो की," ती म्हणाली आणि वळली. पायरीवर तिच्या दोन पावलांचे पांढरे ठसे राहिले. शिपाई ते पुसायला फडकं आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी शहरातून दोन माणसं आली. चुनेवाली रस्त्यापलीकडच्या टपरीच्या सावलीत बसून त्यांचं काम बघत राहिली. ऐन दुपार होती, भिंतीवर हात ठेवला तर चटका बसावा अशी. त्यांनी भिंतीवर पाण्याचा एक शिपका मारला नाही. चुना सकाळी भिजवलेला, जेमतेम थंड झालेला. गाळला नाही, सरस घातला नाही. पहिला कुंचा टेकला तशी तापलेली भिंत त्यातलं पाणी ढसाढसा प्यायली आणि पांढरी पूड नुसती चिकटून राहिली. बघून चुनेवालीच्या हातांना कंड सुटली. वाईट काम बघताना तिला नेहमीच सुटायची, मग ते शत्रूचं का असेना. संध्याकाळपर्यंत खुर्ची गेली, पोती गेली, तिचा मुलगा गेला.

ती घरी आली. हा चुना कोरडा राहिला तर पंधरा दिवसांत पिठासारखा झडेल, हे तिला ठाऊक होतं. पण बाजाराच्या पोटात गोष्ट राहत नाही, अध्यक्षांच्या कानावर गेली तर ते नवी माणसं आणतील, म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. सुनेलाही नाही. तिची चूक झाली ती इथे.

सून भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवसापासून ती बाजाराच्या नळावर पाण्याला जायची ती उशिरा यायची. बादली अर्धी असायची, चेहरा मात्र उजळलेला. चुनेवालीला वाटलं, बायकांत बसते, बरं आहे, रडून मोकळी होत असेल. काम तर हातातून गेलंच होतं. ती घरामागच्या खड्ड्यातला जुना चुना उगाच ढवळत राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. सचिव आत आले नाहीत, दारातूनच बोलले. अध्यक्ष मागचं विसरायला तयार होते. वर्षाचं काम होतं, शिवाय सुनेला कचेरीत झाडलोटीची नोकरी. फक्त चौकशीच्या दिवशी दोघींनी गावात असू नये, नातेवाइकांकडे कुठे जाऊन यावं. चुनेवालीनं विचारलं की झाडलोट म्हणजे पायरीवरचे ठसे पुसायचे का. सचिव जीपकडे वळले. माणूस वाईट नव्हता, नोकरीतला होता. जाताना ते एवढंच म्हणाले, की विचार करा. जीप गेली, पण ती आलेली सगळ्या आळीनं पाहिली होती.

त्या संध्याकाळी चुनेवालीला राहवेना. चुना कुठवर सुटलाय ते बोटानं बघावं म्हणून ती बाजारात गेली. लांबूनच तिला गर्दी दिसली. गोदामाच्या भिंतीसमोर पाणी भरणाऱ्या बायका, पोती शिवणाऱ्या बायका, काही हमाल. मधे तिची सून, हातात बादली. सुनेनं बादली मागे झुलवून भिंतीवर फेकली.

ओला पातळ चुना काचेसारखा होतो, आरपार दिसतं. पांढऱ्या भिंतीतून गेरूची पोती हळूहळू वर आली, काजळीच्या रेघा आल्या, आणि तळाशी पालथा पडलेला तो. पाठ, मान, कानामागचा तीळ. एका म्हातारीनं हात जोडले. चुनेवालीचेही पाय जागीच थांबले. तिलाही तो पाच दिवसांनी दिसत होता.

मग तिचं कारागिराचं डोकं जागं झालं. ती बायकांतून वाट काढत पुढे गेली आणि तळाच्या ओल्या चुन्यावर नख रोवलं. नख घसरलं. हात वर करून, जिथे बादलीचं पाणी पोचत नव्हतं तिथे बोट फिरवलं, तर बोटाला पीठ लागलं. तिनं पुन्हा खाली पाहिलं. सून चार संध्याकाळी उशिरा आली होती, ही पाचवी.

तिनं सुनेच्या हातातली दुसरी बादली ओढून घेतली. "पाणी मारू नका. कुणीच मारू नका."

पोती शिवणाऱ्यांतली एक, जिला सगळे दाभणवाली म्हणायचे, कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिची जीभ तिच्या हातातल्या दाभणापेक्षा टोकदार होती. "सकाळी दारात जीप, संध्याकाळी बादलीला हात. आता आम्हालाच चुना लावायचा का, मावशी?"

कुणीतरी हसलं. चुनेवालीच्या कानशिलांना ऊन लागलं. आयुष्यात तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज तिच्या इमानालाच ठेवत होते. पण ती दाभणवालीकडे वळली नाही. सून तिच्याकडे बघत होती.

"आई, तेवढी पाच मिनिटं मला ते दिसतात," सून म्हणाली. "तेवढंही नको?"

"तू त्याला बघत नाहीस, पोरी. पुरते आहेस." चुनेवालीनं तिचा हात धरून बोट भिंतीवर टेकवलं, आधी वर, मग खाली. "हे बघ. हे पीठ आहे. आणि हा दगड. चुना वाळून घट्ट होत नाही, ओला राहून होतो. त्या गाढवांनी कोरडा मारला होता, आपोआप पडणार होता. तू रोज पाणी पाजून त्याला बसवलंस. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर त्याच्या पाठीवर."

सून बोटाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

चुनेवालीनं एवढंच सांगितलं, की चुकलं.

दाभणवालीनं स्वतः वर बोट फिरवून पाहिलं, खाली नख मारून पाहिलं, आणि कमरेवरचा हात काढला. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती बायकांकडे वळून म्हणाली की आजपासून या भिंतीजवळ जी पाण्याचा थेंब सांडेल तिचं तोंड मी सुतळीनं शिवीन. आणि चौकशीच्या दिवसापर्यंत कुणी काही बोललं तरी तेच.

मग वाट बघण्याचे दिवस आले. दिवसभर कोरडा वारा सुटायचा, तो चुनेवालीला बरा वाटायचा. आठव्या दिवशी मात्र दुपारून आभाळ भरून आलं. धान्याच्या राशींवर ताडपत्र्या पडल्या. सगळा बाजार मालासाठी धावत होता आणि दोघी सासवासुना दारात बसून, जन्मात पहिल्यांदाच, पाऊस पडू नये म्हणून आभाळाकडे टक लावून होत्या. चार थेंब आले, धुळीत खळगे पाडून गेले. ढग पुढे सरकले. सून म्हणाली, "त्यांनाही पाऊस आवडायचा नाही. पोतं भिजलं की दीडपट होतं म्हणायचे." हंगामानंतर पहिल्यांदा तिनं त्याच्याबद्दल असं साधं काहीतरी सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी पैलवान आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, विडी पेटवली आणि विझवली. आपला अंगठा उलटसुलट करून बघत राहिला. त्या कागदाचं चुनेवालीला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तीस हमालांची हजेरी त्याच्या हातात होती, अध्यक्षांनी तीसच्या तीस काढायची धमकी दिली होती. तो ते सांगायला आला होता, पण त्यानं सांगितलं नाही. त्यानं विचारलं, वरचा चुना कशानं निघेल?

"बारदानानं. कोरड्या पोत्यानं पुसलं तरी निघेल."

"बारदान आमच्याकडे बख्खळ," पैलवान म्हणाला आणि उठला.

"आणि खालचा?" सुनेनं विचारलं, तो गेल्यावर.

चुनेवालीनं मनात सगळे उपाय धुंडाळले. आंबट पाण्यानं चुना विरघळतो, पण मग खालचं चित्रही विरघळतं, दोन्ही एकाच दगडाची लेकरं. तासणीनं तासला तर त्याची पाठही तासली जाणार. एकच आशा होती, आणि ती तिच्या एका चुकीवर टेकलेली होती. गिलावा कधी फार घोटायचा नसतो. थोडा खरखरीत ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या चुन्याला दात रोवायला जागा राहते. हे तिला सासूनं शिकवलं होतं. पण अकराव्या दिवशी सून रंग देऊन बाजूला झाली, आणि चुनेवालीनं नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन ती पाठ घोटायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत ती घोटत होती. सून दोनदा म्हणाली, आई, पुरे. तिचा हातच थांबला नव्हता.

चौकशीचे साहेब आले ते सकाळी दहाला. गाडी फाटकातून आत गेली, कचेरीत चहा गेला. अध्यक्षांनी खिडकीतून पांढरीशुभ्र भिंत दाखवली असेल. बरोबर अकराला हमालांची सुट्टी झाली. पैलवान सगळ्यात आधी गोदामातून बाहेर आला, खांद्यावर रिकामं पोतं. तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, आणि पाठ खाजवणाऱ्या बैलासारखा खालीवर झाला. त्याच्यामागे तीस जण आले. बायकांनी बांबूंना बारदान बांधून आणलं होतं. चुनेवालीची शिडी लागली. पांढरी पूड उडायला लागली, माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, आणि वरून खाली, काढली होती त्याच क्रमानं, खुर्ची आली, पोती आली.

अध्यक्ष कचेरीतून जवळजवळ धावतच आले. मागून सचिव, त्यांच्या मागे साहेब, हातात कागद. अध्यक्षांनी राखणदाराला हाक मारली. राखणदाराला त्याच वेळी पलीकडच्या फाटकाचं कुलूप नीट लागलंय का ते बघायची गरज भासली. मग ते चुनेवालीकडे वळले.

"ही समितीची भिंत आहे. समितीच्या भिंतीवर चित्र काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

चुनेवाली भिंतीच्या तळाशी बसली होती. शेजारी सून. दोघींच्या हातात दाभणवालीनं दिलेली जाड दाभणं होती, उलट्या बाजूनं धरलेली. चुनेवालीनं मान वर केली नाही. "चित्र कोण काढतंय, साहेब? आम्ही चुना काढतोय. वाईट लागला होता. माझं नाव जातं त्यात."

साहेब भिंतीसमोर उभे राहिले. वयानं तरुण, चष्मा, बूट धुळीनं माखलेले. त्यांनी हातातला कागद वाचला, मग भिंत पाहिली. विचारलं, की कागदावर मुकादमाचं नाव आहे, तो कोण? पैलवान पुढे आला. चुन्यानं पांढरा झालेला, त्यामुळे आणखी काटकुळा दिसत होता.

"थप्पी किती थरांची होती?" साहेबांनी विचारलं.

"त्यात लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले.

"मी त्यांना विचारतोय."

पैलवाननं भिंतीकडे पाहिलं. त्यानं जमिनीवरचा बांबू उचलला, खुर्चीच्या पायाखाली टेकवला आणि मोठ्यानं म्हणाला, "एक." बांबू वीतभर खाली आला. "दोन." मागून हमालांनी आकडा उचलला. लांबून येणाऱ्या गाड्या थांबल्या, काट्यावरचा मापाडी उठून उभा राहिला. सात. आठ. नऊ. बांबू बाराव्या थरावर आला आणि थांबला.

अध्यक्ष त्याच्याकडे बघत होते. तीस हमाल बघत होते. पैलवाननं बांबूवरची पकड बदलली. ज्या अंगठ्याला शाई लागली होती तो अंगठा वर आला.

"तेरा," तो म्हणाला.

पुढचे आकडे एकट्यानं म्हणायची गरज राहिली नाही. चौदा, पंधरा, सोळा, सगळा बाजार म्हणत होता. सतरावर बांबू दोन्ही बायकांच्या डोक्यापाशी येऊन थांबला. त्याखाली भिंत पांढरी होती.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "सतरा," ते म्हणाले, आणि कागदावर टेकवलं.

चुनेवालीच्या दाभणाखाली त्याच क्षणी काहीतरी सुटलं. आधी काहीच झालं नव्हतं, मग एक बारीक तडा गेला होता, आणि आता हाताएवढी खपली अखंड तिच्या ओंजळीत आली. आतून गुळगुळीत, गोट्यानं घोटल्यासारखी. मागे कान होता, आणि कानामागे तीळ. सुनेनं डोक्याचं फडकं सोडलं आणि कोरडंच त्याच्या मानेवरून फिरवलं.

"थांबा, साहेब," चुनेवाली म्हणाली. "लिहू नका अजून. खाली एक थर आहे."

आणि तिनं दाभण पुढच्या खपलीखाली घातलं.